कागदकामाच्या कार्यशाळेचे साहित्य : जळगावातील दहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, मी जळगावात कागदी मखराची पहिली कार्यशाळा घेतली. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी असल्यामुळे विषय ठरवायला वेळ लागला नाही. साहित्य ठरवताना मात्र मी चुकले. त्याआधी सहा-सात वर्षे घरी स्वतःपुरते कागदकाम करत असल्याने, आपल्या हाताला जे बरे वाटते त्याचेच पंधरा नग आणले की कार्यशाळेची तयारी झाली, अशी माझी समजूत होती. त्यानंतर जळगाव, भुसावळ आणि चोपडा मिळून बावीस कार्यशाळा झाल्या. मुले बहुतेक नऊ ते चौदा वर्षांची, अधूनमधून गृहिणींची तुकडी. एखादी वस्तू एका सवयीच्या हातात जशी वागते, तशी ती पंधरा नवख्या हातांत वागत नाही, हे मला पैसे खर्च करून शिकावे लागले.

पहिली चूक कटिंग मॅटची, म्हणजे कापताना कागदाखाली ठेवायच्या चटईची. पाच जणांत एक या हिशेबाने मी 60 बाय 45 सेंटिमीटरच्या तीन मोठ्या मॅट घेतल्या. प्रत्यक्षात एका मॅटवर दोघांपेक्षा जास्त मुले काम करू शकत नाहीत, कारण कोपरे एकमेकांना लागतात आणि उरलेली तिघे रांगेत उभी राहून दंगा करतात. आता माझ्याकडे ए-4 आकाराच्या बारा मॅट आहेत, आणि मोठ्यांपैकी एकच मी स्वतःच्या कापाकापीसाठी ठेवली आहे. छोटी मॅट साधारण दोनशे रुपयांना पडली. दहा महिन्यांच्या वापरानंतर तिच्यावर चरे आहेत, पण पाते अजून अडत नाही. खानदेशात या वस्तूला खरा धोका उन्हाचा आहे. एप्रिलमध्ये भुसावळहून परतल्यावर चार मॅट गाडीच्या डिकीतच राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पापडासारख्या वळल्या. पाटाखाली घालून वर पाटा-वरवंटा ठेवल्यावर त्या पुष्कळशा सरळ झाल्या, तरी त्यांतल्या दोन मॅटचा मधला उंचवटा गेला नाही, आणि अशा मॅटवर पट्टी डुलते. तेव्हापासून मॅट प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये आडव्याच ठेवल्या जातात आणि प्रवासातही तशाच नेल्या जातात.

कटरच्या बाबतीत 18 मिलिमीटर रुंदीच्या पात्यापेक्षा 9 मिलिमीटरचे अरुंद पाते मुलांच्या हाती अधिक आज्ञेत राहते. मात्र तेही मी बारा वर्षांखालील कोणाला देत नाही. त्यांना गोल टोकाची कात्री पुरते. स्वस्तात घेतलेल्या दहा कटरांपैकी सहांची खिटी दोन महिन्यांत सैल झाली आणि कापताना पाते मागे सरकू लागले, म्हणून ते सगळे बाद केले. पाते बोथट झाले की कागद फाटतो, मूल जोर लावते आणि तोच जोर सुटून बोटावर येतो. त्यामुळे प्रत्येक कार्यशाळेनंतर पात्याचा एक तुकडा पक्कडीने मोडून जुन्या बामच्या डबीत टाकायचा, हा नियम मी कधी चुकवत नाही. सोबत पट्टी स्टीलचीच हवी. प्लॅस्टिकच्या पट्टीची कडच कापली जाते आणि पुढची प्रत्येक रेघ वाकडी येते. स्टीलची पट्टी गुळगुळीत कागदावर घसरते, तेव्हा तिच्या पाठीला कापडी चिकटपट्टीचा एक पट्टा लावावा. आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. बहुतेक तुकड्यांत एखादे मूल डावखुरे असते, आणि नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की कापायची रेघ पात्याआड जाते. त्या मुलाला आपण ‘धांदरट’ ठरवून मोकळे होतो. डावखुऱ्यांसाठीच्या दोन कात्र्या आता कायम पेटीत असतात.

घडी घालण्यासाठी मी हाडाची म्हणून मिळणारी दोन महागडी हत्यारे मागवली होती. ती उत्तम आहेत आणि दोन्ही माझ्याच टेबलावर आहेत. मुलांसाठी संपलेले बॉलपेन पुरेसे ठरले : पट्टी लावून कोरडी रेघ ओढली की कार्डशीट त्या रेघेवर सरळ मोडते. अशी रेघ न ओढता 200 जीएसएमच्या (एका चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या) आसपासचा जाड कागद दुमडला, तर घडीवर रंगाला तडे जातात. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, हीही पाहावी लागते. ज्या दिशेने कागद सहज वळतो, त्या दिशेची घडी स्वच्छ येते, आडवी घडी खडबडीत राहते. पन्नास भेटकार्डे आडव्या धाग्यावर कापून बसल्यावर मला हे उमगले.

कागद फुले मार्केटमधून घाऊक घेते. कार्डशीट 22 बाय 28 इंचांची येते. ए-4 आकाराचा हट्ट धरला तर तिच्यातून फार तर पाच तुकडे निघतात आणि पुष्कळ कागद वाया जातो. तीच 7 बाय 11 इंचांत कापली की नेमके आठ तुकडे होतात आणि काहीच उरत नाही. माझे बहुतेक नमुने मी आता याच मापात बसवले आहेत. ओरिगामीसाठी रंगीत ए-4 कागदाचा चौरस काढला की 8.7 सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते. तिच्यातून क्विलिंगच्या (कागदी पट्ट्या गुंडाळून करायच्या नक्षीच्या) 5 मिलिमीटरच्या सतरा पट्ट्या निघतात, आणि शिकाऊ हातांना विकतच्या पट्ट्यांची गरज नाही. (एके काळी एरंडोलचा गावठी कागद नावाजलेला होता, असे ब्रिटिशकालीन गॅझेटियर सांगते. आज आम्ही त्याच जिल्ह्यात बाहेरून आलेला कागद जपून कापत बसलो आहोत.)

सर्वांत जास्त डोकेदुखी चिकटवण्याची. पांढरा डिंक, म्हणजे फेविकॉल एमआरच्या जातीचा, जोडाला पक्का आहे, पण तो पाण्यात कालवलेला असल्याने पातळ कागद सुरकुततो, आणि मे महिन्यात झाकण उघडे राहिले की पंधरा मिनिटांत वर साय धरते. म्हणून तो पाण्याच्या बाटलीच्या बुचात थोडा थोडा वाटावा आणि ब्रशऐवजी कार्डशीटच्या कपट्याने पसरावा. ग्लू स्टिक लहान मुलांसाठी सोयीची, तरी उन्हाळ्यात ती मऊ पडते आणि जास्त फिरवली की मुळापासून तुटते. दुहेरी चिकटपट्टीच्या कडा उकाड्यात धूळ धरतात. तिचे रीळ प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावे. मोठ्या मखरांना आणि कागदाच्या लगद्याला मात्र मैद्याची खळ अजूनही सर्वांत स्वस्त. आमच्या उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून त्या दिवसापुरतीच शिजवावी. जुने लोक तिच्यात मोरचूद घालत, पण ते विषारी आहे. मुलांच्या कामात ते नको. गरम गोंदाची बंदूक मी दोन वेळा वापरली आणि एका मुलीच्या बोटाला चटका बसल्यावर ती मुलांसमोर काढणे बंद केले.

पंखा आणि कूलर हेही साहित्यातच धरायला हवेत, हे मला कोणी सांगितले नव्हते. चोपड्याच्या पहिल्या तुकडीत पंखा सुरू करताच एक मुलगा ओरडला, “ताई, कागद उडी ऱ्हायना!” (कागद उडतोय!) आणि पुढची दहा मिनिटे सगळे कागदामागे पळत होते. तापीकाठचे पंधरा चपटे गोटे धुऊन आणले, तेच आता प्रत्येकाच्या जागेवर वजन म्हणून असतात. कूलर त्याहून वाईट : त्याच्या ओल्या हवेत कागद नरम पडतो, कडा वळतात आणि मोजून कापलेले भाग जुळत नाहीत. कूलर मुलांच्या बाजूला ठेवून कागदाचा गठ्ठा मी झाकणाच्या डब्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवते.

फुलाफुलांच्या आकाराचे पंच मी आठ घेतले. मुले खूश होतात, पण जाड कागदात ते अडकतात, आणि आठांपैकी आता तीनच चालतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यांच्यावर पैसे घालू नयेत. क्विलिंगचे खाचवाले हत्यार स्वस्त आणि बरे आहे. राहता राहिला कागद कापायचा ट्रिमर : आदल्या रात्री दीडशे तुकडे पट्टी-कटरने कापताना मनगट दुखते, त्यामुळे तो घ्यावासा वाटतो, पण मला परवडणारा ट्रिमर एका वेळी कार्डशीटचे दोन-तीनच ताव कापतो. सध्या फुले मार्केटमधला एक बाइंडर त्याच्या मोठ्या मशीनवर माझ्या मापात कापून देतो. दिवाळीच्या आधी, लग्नपत्रिकांच्या हंगामात, त्याला माझ्यासाठी वेळ नसतो, म्हणून आकाशकंदिलाचा कागद यंदा मी ऑगस्टमध्येच कापून घेणार आहे.