जुन्या ८०० च्या कन्सोलसाठी कप होल्डर: थ्रीडी प्रिंट की प्लायचा डबा?

जुन्या गाडीत कप होल्डर करून घ्यायचं ठरलं की खरे पर्याय दोनच उरतात. थ्रीडी प्रिंट करून घ्यायचा, नाहीतर प्लायचा डबा बनवायचा. एसीच्या जाळीत अडकवायचे हूक मी यात धरत नाही. वीस वर्षांच्या गाडीत त्या पात्या ठिसूळ झालेल्या असतात आणि त्यांच्यावर लिटरभर पाणी टांगायचं म्हणजे आज ना उद्या त्या तुटणारच. माझी २००४ ची मारुती ८०० जळगावात रोज चालते. दोन्ही प्रकार मी करून आणि वापरून पाहिले आहेत.

हा खटाटोप हौसेचा नाही. शेजारच्या सीटवर टाकलेली बाटली जोरात ब्रेक मारला की खाली पडते आणि घरंगळत पायाशी येते. माझी एकदा ब्रेकच्या पेडलखाली आली होती. त्यानंतर बाटली सीटवर ठेवणं मी बंद केलं.

जागा ठरवताना घाई करू नका. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने बाजारातून आणून बसवलेला काळा कन्सोल, म्हणजे दोन सीटांच्या मधला प्लास्टिकचा भाग आहे आणि गिअरच्या पुढे, डॅशबोर्डखाली, त्याचा उथळ ट्रे येतो. होल्डर तिथेच बसवला. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून ट्रेमध्ये ठेवा, त्यात भरलेली बाटली उभी करा आणि पहिला आणि तिसरा गिअर टाकून बघा. हे दोन्ही पुढे जातात, तेव्हा बोटं बाटलीवर आपटायला नकोत. मग बाटली वर उचलून बघा, कारण डॅशबोर्डची कड आडवी येते. माझा पहिला नमुना याच कारणाने बाद झाला. बाटली आत जायची, पण निघताना मान अडकायची. हँडब्रेकजवळ जागा करणार असाल तर ब्रेक पूर्ण ओढून बघा आणि बेल्टचं बक्कल सहज लागतंय का तेही तपासा. नमुन्यासाठी जाड लग्नपत्रिका उत्तम. दुमडते, कात्रीने कापली जाते आणि ट्रेच्या गोलाईला धरून बसते.

आता प्रिंट. मापात तो सरस आहे हे मान्य करावंच लागेल. ट्रेचा तळ सपाट नसतो, तो पुढे चढत जातो. प्रिंटमध्ये तो उतार जसाच्या तसा घेता येतो आणि कप चालकाकडे थोडा कलता ठेवता येतो, त्यामुळे डॅशबोर्डची अडचणही संपते. भिंती तीन मिलिमीटरच्या, म्हणून तेवढ्याच जागेत दोन कप बसतात. फक्त मटेरियल विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी विचारलं नाही तर पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये काढून देतात आणि ते ६० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं. आमच्याकडे मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. माझा पीएलएचा होल्डर एका दुपारीच वाकला, गोल कप लंबगोल झाला. दुसरा पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये काढून घेतला, त्याने संपूर्ण उन्हाळा काढला. दोन्ही मिळून १,२०० रुपये गेले.

म्हणजे उन्हाचा प्रश्न सुटला होता. मला नको झाला तो आवाज.

८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. सिग्नलला गाडी आयडलवर उभी असली की थोडी थरथर असतेच आणि आपल्याला तिची सवयही झालेली असते. पण स्टीलची बाटली प्रिंटच्या कडक कपात ठेवली की तीच थरथर ऐकू यायला लागते. बारीक, एकसुरी झणझण. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की थांबते, पुढच्या सिग्नलला पुन्हा सुरू. बाटली भरलेली असेल तर कमी, अर्धी रिकामी झाली की जास्त. कपाच्या तळाशी पट्टी लावून पाहिली. तळाचा आवाज गेला, काठाचा राहिला. काठाला आतून फोम लावायला गेलो तर बाटली आत जाईना, कारण कप बाटलीच्या मापाला काढलेला, मोकळी जागाच नव्हती. एकदा आईला घेऊन पाचोऱ्याला निघालो होतो. शहराबाहेर पडायच्या आतच तिने काही न बोलता बाटली काढून मांडीवर धरली आणि पाचोऱ्यापर्यंत तशीच धरून बसली. होल्डर शेजारी रिकामा. त्या दिवशी मी प्लायकडे वळलो.

प्लायचा डबा दिसायला जाडजूड होतो, यात शंका नाही. १२ मिलिमीटरचा प्लाय दोन्ही बाजूंनी जागा खातो, त्यामुळे माझ्या ट्रेमध्ये एक बाटली आणि एक लहान ग्लास एवढंच बसतं. कलता कप काढणं सुताराला जमतं, पण वेळखाऊ आहे. मी डबा सरळ ठेवला आणि खाली पाचर घालून कलवला. पण आवाज नाही. लाकूड थरथर जिरवतं म्हणा किंवा आतल्या अस्तराचा गुण म्हणा, माझ्या गाडीत सिग्नलला आता बाटली ऐकू येत नाही.

कपासाठी मी ९० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरला. जळगावात तो मिळायला अडचण नाही. आतून तीन मिलिमीटरचं फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं मऊ जाड कापड लावलं. माझी बाटली हलकेच घासत आत जाते आणि तशीच जायला हवी. खोली ९० मिलिमीटर ठेवली. पहिल्या प्रिंटला ७० ठेवली होती, तेव्हा वळणावर बाटली कलंडायची. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या दर्जाचा, आयएस ७१० चा शिक्का असलेला घ्या, कारण पाणी सांडणार हे नक्की. सुताराकडे तुकडे पडलेले असतात. वरून रेक्झिन, फेविकॉल एसआरने चिकटवलेलं. सगळे मिळून ४५० रुपये आणि एक रविवार. डबा मी स्क्रूने बसवलेला नाही, खाली वेल्क्रो आहे. हँडब्रेकची केबल याच मधल्या भागातून मागे जाते, तिथे अंदाजाने ड्रिल मारू नये.

चहाच्या बाबतीतही माझं मत प्लायकडेच जातं. प्रिंटच्या पृष्ठभागावर थरांच्या बारीक रेषा असतात, त्यात गोड चहा शिरला की चिकटपणा जात नाही आणि चार दिवसांत मुंग्या येतात. पाइपचा तुकडा मात्र डब्यातून उपसून नळाखाली धरता येतो. फेल्ट ओलं राहतं हे खरं, पावसाळ्यात वासही येतो. मी ते वर्षातून एकदा बदलतो.

तुम्ही प्लास्टिकची बाटली किंवा कागदी कपच नेत असाल तर प्रिंट घ्यायला हरकत नाही. ती झणझण स्टीलचीच आहे. जागा फारच अरुंद असेल तरीही प्रिंटच सोयीचा. पण मग कपाचा व्यास बाटलीपेक्षा सहा-सात मिलिमीटर जास्त सांगा, म्हणजे आत अस्तराला जागा राहील. हे मला आधी सुचलं असतं तर कदाचित मी प्रिंटवरच थांबलो असतो. कदाचितच म्हणतो, कारण स्टीलची बाटली आणि तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर मी आजही आधी सुताराकडे जाईन. पुढचा डबा करताना ग्लासाचं भोक थोडं लहान ठेवणार आहे, कटिंगचा ग्लास सध्याच्या भोकात सैल बसतो.