पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीला दिली, त्याचा अनुभव (शहापूर, बेळगाव)

घरात जुनी पेटी, पायाची शिलाई मशीन, चावीचं घड्याळ किंवा पंपाचा स्टो बंद पडून असेल आणि तुम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी भागात राहत असाल, तर भंगारात घालायच्या आधी हे वाचा.

शहापूरच्या एका बोळात आठ बाय दहाचं दुकान आहे. पाटीवर कन्नड आणि मराठीत 'रिपेरी' एवढंच लिहिलंय. मालकांनी मला बजावलंय, "नाव-नंबर कुठं घालू नका, आहे तेच काम उरकंना झालंय." म्हणून इथं त्यांना नुसतं मामा म्हणते. सगळी गल्ली तेच म्हणते.

पेटी माझ्या वडिलांची, म्हणजे बापूंची. खर्ज (खालचा) आणि नर (त्याच्या वरचा) अशी दोन सुरांची, पालिताण्याच्या रीडची; रीड म्हणजे हवेनं हलून सूर काढणारी पितळेची जीभ. वडगावच्या भजनी मंडळात त्यांनी ती वाजवली आणि त्यांच्यामागं मी. दोन पावसाळे ती माळ्यावर राहिली आणि आपल्याकडचा पाऊस तिला बाधला. लाकूड फुगून दोन पट्ट्या खाली बसलेल्या, भात्याचा कोपरा उंदरानं कुरतडलेला, आणि काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा, सूर मुकाच. नेमकी मी काळी चारमध्ये गाते. आधी दुसऱ्या एका दुकानात दाखवली, तर त्यांनी उघडूनसुद्धा न बघता "नवीनच घ्या" म्हणून सांगितलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मामांनी आधी किंमत सांगितली नाही. त्यांनी भाता पूर्ण भरला, एकही पट्टी न दाबता हात काढून घेतला आणि तो किती वेळ तग धरतो ते बघितलं. तीन म्हणेपर्यंत भाता बसला. मग झाकण काढलं, स्क्रू एका वाटीत ठेवले, मुक्या सुराची रीड फळीवरून उतरवून उजेडाला धरली आणि मला जवळ बोलावलं. "बघा की, चारी बाजूंनी उजेडाची रेघ दिसायला पाहिजे. इथं दिसती का?" पितळेची ती जीभ तिच्या खाचेत कुठंही न घासता हलली तरच सूर बोलतो. आमच्या सुरात एका कडेला धुळीचा बारीक कण अडकलेला. त्यांनी पतंगाच्या कागदाची पट्टी आत सारली आणि हळूच ओढून घेतली. फुंकर मारल्यावर सूर बोलला! बापूंच्या हातची पेटी पुन्हा बोलली म्हणून माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

नंतर सुरात आणायचं काम. रीडची जीभ टोकाकडं खरवडली की सूर चढतो, बुडाकडं खरवडली की उतरतो. खर्ज आणि नर एकत्र वाजवले की बेसूर असतील तर आवाजात एक लाट ऐकू येते, आणि सूर जुळत जातील तशी ती लाट लांबत लांबत थांबते. मामा डोळे मिटून ती ऐकत होते. मी शेजारी बसून ऐकत होते. असा अर्धा तास मला कुठल्या क्लासात मिळाला नव्हता.

भात्याचं कातडं काढायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, ओढू नका, हे सरसानं चिकटवलंय. गरम ओलं फडकं ठेवा, आपोआप सुटेल." त्यांनी वर बघितलं. "आक्का, सरस ओळखता व्हय तुम्ही?" मी म्हटलं, पुस्तकं बांधते. जुन्या बांधणीचा पुठ्ठा मी असाच सोडवते. "मग बसा की इथं, हे तुम्हीच करा." आणि त्यांनी खरंच कातडं आणि कात्री माझ्यापुढं ठेवली. भात्याचे दोन्ही कोपरे मी स्वतः चिकटवलेत. त्याचे तीनशे रुपये त्यांनी बिलातून वजा केले.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण या दुकानाची खरी किंमत मला त्यामुळंच कळली. आठवड्यातले तीन दिवस सकाळी मी एका औषधदुकानाचे हिशेब लिहिते. दुपारी ब्लाऊज शिवते. जूनमध्ये शाळेची पुस्तकं बांधून देते, जुझ (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) शिवून, खळीत मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही. गुरुवारी भजन. मोडी शिकले, कारण घरात आजोबांच्या जमिनीचे कागद होते आणि ते वाचणारं कुणी उरलं नव्हतं. हे सगळं मला मनापासून आवडतं, यातलं एकही सोडवत नाही. आणि वयाच्या विसाव्या वर्षापासून मी एकच म्हण ऐकत आलेय, एक ना धड भाराभर चिंध्या. एका शाळेत मुलाखतीला गेले होते, तिथं माझा अर्ज बाजूला सरकवून विचारलं, "तुमचा नेमका विषय कोणता?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना गोवावेसपर्यंत रडू आवरत होते.

आपल्या गावाला पु. ल. देशपांड्यांचं केवढं कौतुक! राणी पार्वती देवी कॉलेजात ते शिकवत होते हे आपण पाहुण्यांना आवर्जून सांगतो. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका सगळं त्यांचंच. तिथं आपण 'हरहुन्नरी' हा सुंदर शब्द वापरतो. तोच शब्द गल्लीतल्या बाईसाठी, मेस्त्रीसाठी आपल्या तोंडात का येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मामांना तो शब्द शोभतो. लहानपणी घरच्या हातमागावर बसले. मग उद्यमबागेत एका फौंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे लोखंड ओतायचा साचा ज्यावरून बनतो तो नमुना, करायला लागले. ओतीव लोखंड थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो, हे त्यांनी मला समजावलं. तो हिशेब हातात मुरलेला माणूस फुगलेल्या पट्टीला रंधा किती मारायचा हे मोजपट्टीशिवाय सांगतो. "आता पावसाळा हाय, आता बेताचं तासायचं. उन्हाळ्यात लाकूड आकसतंय, मग पट्टी खुळखुळती." मागाच्या दोऱ्याचा ताण समजलेला असल्यामुळं माझ्या शिलाई मशीनचा टाका सुटत होता तो त्यांनी पाच मिनिटांत बसवला. एकात शिकलेलं दुसऱ्यात असं उपयोगी पडतं. पॅटर्न सोडून ते घड्याळाकडं आले तेव्हा घरचे चिडले होते, असं सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली गेला.

आता उणिवा. मामा तारीख पाळत नाहीत. आठ दिवस म्हणाले, एकोणीस लागले. गणपतीत पेटी हवी असेल तर जूनमध्येच नेऊन द्या. बिल कागदावर मिळत नाही, वहीत लिहितात. पॉलिशचं काम मला आवडलं नाही, डाव्या बाजूला डाग राहिलाय. सर्किटवाली नवी यंत्रं ते घेत नाहीत, तसं तोंडावर सांगतात. दुकानात बसायला एकच स्टूल आहे, वयस्कर माणसांना त्रास होतो.

पैसे म्हणाल तर पेटीचे सगळे मिळून दोन हजार दोनशे झाले, माझे तीनशे वजा करून एकोणीसशे दिले. मशीनचे दीडशे. भाता आता पस्तीस म्हणेपर्यंत टिकतो, रोज मोजते. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा पॉलिशचा आणि तारखेचा.

जायचं असेल तर सकाळी अकरानंतर जा. सोमवारी बंद. गाडी बोळात जात नाही, मुख्य रस्त्यावर लावून चालत जा आणि गल्लीत कुणालाही 'रिपेरीवाले मामा' विचारा. वस्तू ठेवून लगेच निघू नका, थोडं थांबून उघडताना बघा, ते नको म्हणत नाहीत. बापूंची पेटी आणायला गेले तेव्हा निघताना त्यांनी विचारलं, "आक्का, माझ्याकडं घड्याळाची जुनी पुस्तकं हायत, पानं सुटल्यात. बांधून देशीला?" नऊ पुस्तकं पिशवीत घालून आणलीत. पहिल्याची जुझं सोडवून झालीत, खळ आज शिजवायची आहे.