रेकॉर्ड नंबर एक, पॅकिंग रामभरोसे

जुन्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या रेकॉर्ड ऑनलाइन विकणाऱ्या एका विक्रेत्याबद्दल लिहितोय. नाव लिहीत नाही. तक्रार अजून मिटलेली नाही आणि माणूस लबाड नाही, हेही तितकंच खरं. पण ह्या क्षेत्रात नवीन कोणी खरेदीला उतरत असेल, तर त्याने पैसे भरायच्या आधी हे वाचावं.

पैसे भरेपर्यंतचा अनुभव पाच तारे. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे स्वच्छ फोटो, तबकडीवर तिरपा उजेड टाकून घेतलेले, म्हणजे चरे लपत नाहीत. सुई कुठे उडी मारते, कुठे खरखर जास्त आहे, तेसुद्धा स्वतःहून लिहिलेलं. चोरबाजारात प्रत्येक रेकॉर्ड ‘एकदम कोरी, साब’ असते, त्या मानाने हे वर्णन म्हणजे प्रामाणिकपणाची कमाल. भावही वाजवी. गायिका हिराबाई बडोदेकरांच्या दोन आणि सनईची एक, अशा तीन तबकड्या मागवल्या.

आल्या त्या मिक्सरच्या खोक्यात. कुरिअरवाल्याच्या हातातून खोकं घेतलं तेव्हाच आत काहीतरी इकडून तिकडे सरकलं, आणि पोटात गोळा आला. आत तिन्ही तबकड्या एकावर एक, मध्ये फक्त त्यांची मूळ कागदी पाकिटं. तिघींना मिळून बबल रॅपचा एकच वेढा. बाकी रिकाम्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, जे प्रवासात दबून चपटे झालेले. पुठ्ठ्याचा एक तुकडाही नाही. वरून मात्र तपकिरी टेप इतकी गुंडाळलेली, की खोकं उघडायला कटर घ्यावा लागला. टेपचा तो सगळा खर्च पुठ्ठ्यावर केला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

वरच्या हिराबाईंचे तीन तुकडे. गंमत म्हणजे मधल्या लेबलाच्या कागदाने ते तुकडे अजून धरून ठेवले होते, त्यामुळे पाकिटातून बाहेर काढेपर्यंत कळलंच नाही. सनईच्या तबकडीची कड उडालेली, नखाएवढा टवका पाकिटाच्या तळाशी पडलेला. दुसऱ्या हिराबाई दिसायला धडधाकट. पण मधल्या भोकात बोट घालून तबकडी अधांतरी धरली आणि कडेला हलकी टिचकी मारली, तर आवाज बद्द आला. मडकं घेताना वाजवून घेतात, तसंच हे. उजेडात बारकाईने पाहिल्यावर कडेपासून आत जाणारी केसासारखी भेग दिसली. वाजते अजून, पण प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक’. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे हिराबाईंच्या आवाजावर सेकंदाला एकाहून जास्त टकटक. तीन मिनिटं ऐकून दाखवा.

विक्रेता बहुतेक एलपीचा, म्हणजे नंतरच्या काळातल्या लाँग-प्ले रेकॉर्डचा धंदा करतो, आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे. एलपी व्हिनाइलची, जरा वाकली तरी सरळ होते. तिला बबल रॅप चालून जातो. ७८ ची तबकडी म्हणजे लाख, दगडाची पूड आणि काजळी. पळस, बोर, कुसुम ह्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी तीच लाख. वाकवलं की हिचे सरळ तुकडेच. शिवाय १० इंची तबकडी साधारण २०० ग्रॅमची. तीन एकमेकींवर सुट्या ठेवल्या की धक्का बसताच त्याच एकमेकींच्या वैरी होतात.

कळवल्यावर उत्तर तासाभरात आलं, तेही अदबीने: “सर, आम्ही फ्रॅजाइलचा स्टिकर लावला होता.” लावला होता, खरंय. लाल, ठसठशीत, काचेच्या ग्लासाच्या चित्राचा. पण गोदामात एका ट्रकमधून दुसऱ्यात खोकी फेकणारा माणूस स्टिकर वाचत उभा राहील, हे धरून चालणारा धंदा कसा करायचा? पार्सल कमरेच्या उंचीवरून पडणार आणि त्याच्यावर दुसरं जड पार्सल बसणार, हे गृहीत धरूनच बांधायचं असतं.

आणि हे अशक्य नाही. मी ज्या दुसऱ्या एका विक्रेत्याकडून घेतो, त्याच्याकडे निवड कमी, भाव चढे, फोटो अंधारातले. पण त्याचं पार्सल उघडणं हा सोहळा असतो. प्रत्येक तबकडी साध्या कागदात. दोन तबकड्यांच्या मध्ये पन्हळी पुठ्ठा. मग ह्या चळतीच्या वर आणि खाली तबकडीपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठे दोन-दोन पुठ्ठे, एकाच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठल्याच दिशेने वाकायला वाव नाही. चारी कडांना टेप. हे सगळं एका मोठ्या खोक्यात, सर्व बाजूंनी दोन-दोन इंच गादी भरून, अधांतरी बसवलेलं. खोकं हलवलं तर हूं की चूं नाही. तो पॅकिंगचे ९० रुपये वेगळे लावतो, आणि मी ते आनंदाने देतो. एका पार्सलात चारच्या वर पाठवत नाही, तेही त्याचंच धोरण.

आता परताव्याचं. साइटच्या मदत विभागाने आधी खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. माझ्याकडे फोटो होते, व्हिडिओ नव्हता. त्यावर ‘आमच्या धोरणानुसार’ सुरू झालं. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम स्पष्ट आहेत: माल सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. व्हिडिओची अट त्यात नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, हेही त्यातच आहे. एवढं लिहून, खाली ‘अन्यथा १९१५ वर’, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, ‘तक्रार नोंदवेन’ असं जोडल्यावर भाषा मऊ झाली. दोन तबकड्यांचे पैसे आले. भेग गेलेलीचे अडकलेत, कारण फोटोत ती धड दिसते म्हणे.

पैसे येतीलही. पण लाखेच्या तबकड्या आपल्याकडे १९७० च्या सुमारास निघायच्या बंद झाल्या, तेव्हा ‘रिप्लेसमेंट हवी का?’ ह्या बटणाकडे बघून हसावं की रडावं कळत नाही. चपला परत करायच्या यंत्रणेत हिराबाई बसवल्यात.

विक्रेत्याने पुढच्या वेळी दुप्पट बबल रॅप लावायचं कबूल केलंय. दुप्पटने काही व्हायचं नाही. मी त्याला पुठ्ठे कसे रचायचे त्याचं चित्र काढून पाठवलंय, वर पॅकिंगचे पैसे वेगळे घे म्हणूनही सांगितलंय. त्याच्याकडे मला हवी असलेली अजून एक सनई आहे. पुठ्ठ्यांचा फोटो पाठवला तर ती घेईन आणि इथले तारे वाढवीन. आज दोन, आणि ते दोन्ही लेबलांच्या फोटोंचे.