त्रुन्यानच्या तळ्यात सात लाखांचे झाले पंधरा लाख

हे लाख इंडोनेशियाच्या रुपियाचे आहेत, आपले नव्हेत, म्हणून आधी दचकू नका. आपल्या पैशात सगळं मिळून आठ हजारांच्या आसपास गेले. पण नावेच्या भाड्यात ते कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण ओळखीतलं कोणी ना कोणी हल्ली बालीला निघालेलंच असतं आणि तिथल्या उबुद गावाला गेलं की किंतामणीचा, म्हणजे बातूर ज्वालामुखीच्या डोंगराळ भागाचा, बेत ठरतोच.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि नणंद. किंतामणी नाव ऐकून सासूबाईंना थेऊरचा चिंतामणी आठवला. देवळात चाललोय असंच त्या धरून होत्या. आम्ही नेलं स्मशानात.

बातूर ज्वालामुखीच्या कढईत एक मोठं तळं आहे आणि त्याच्या पूर्वेच्या काठाला त्रुन्यान हे गाव. इथले लोक बाली आगा, म्हणजे जावाच्या मजापाहित राज्याचा प्रभाव येण्याआधीपासूनचे बालीकर. बाकीचं बहुतेक बाली प्रेताला अग्नी देतं. हे लोक लग्न झालेल्या, नैसर्गिक मरण आलेल्या माणसाला जाळतही नाहीत, पुरतही नाहीत. बांबूच्या पिंजऱ्याखाली उघड्यावर ठेवतात. असे अकराच पिंजरे. नवीन माणूस आला की सर्वांत जुन्याची हाडं बाजूला होतात आणि कवटी दगडी ओट्यावरच्या रांगेत जाते. शेजारी तारु मेन्यान नावाचं भलंमोठं झाड आहे. तारु म्हणजे आपला तरूच, मेन्यान म्हणजे सुगंधी. त्या झाडामुळे दुर्गंध येत नाही असं सांगतात, आणि आम्हालाही तो आला नाही हे खरं.

गावापर्यंत गाडीरस्ता आहे. स्मशानात मात्र नावेशिवाय पोचता येत नाही. सगळा खेळ या एका गोष्टीवर चालतो.

पेनेलोकानला, वरून तळं दिसतं तिथे, आम्ही फोटो काढत होतो. एक मोटरसायकलवाला येऊन चिकटला. बोट हवी का, त्रुन्यान, स्वस्तात. आमचा ड्रायव्हर तोवर फोनमध्ये डोकं घालून बसलेला. तेव्हा वाटलं आळशी आहे. त्याला रोज याच रस्त्याने यायचंय, हे नंतर लक्षात आलं.

केदिसानच्या धक्क्यावर घासाघीस झाली. बारा लाखांपासून सुरुवात, शेवटी त्याने सात बोटं वर केली. विमानतळावर व्हिसाचे माणशी ५ लाख मोजल्यापासून आमची लाखाची भीडच चेपली होती. सात लाख म्हणजे साधारण पावणेचार हजार, पाच जणांत काय वाईट? नवऱ्याने पैसे तिथेच हातावर ठेवले. सात बोटं. जायचे की जाऊन यायचे, नावेचे की माणशी, कोणी विचारलंच नाही. घोळ तिथेच झाला.

नाव सुटताना नावाड्याबरोबर आणखी एक जण चढला. आम्हाला वाटलं मदतनीस. तो निघाला गाइड.

स्मशानाच्या दारात एक वही होती. नाव, देश, देणगी. वरच्या ओळींत दहा लाख, पंधरा लाख असे आकडे. आम्ही १ लाख लिहिले, तर वहीवाल्याने आम्ही भाजीवाल्याला खोटं नाणं दिल्यासारखा चेहरा केला. आत पिंजरे, कवट्या, कवट्यांपुढे नाणी आणि सिगारेटी, मृताबरोबर आणलेली ताटं-कपडे तसेच पडलेले. गाइडने सांगितलं की प्रेत आणताना गावातल्या बायका इथे येत नाहीत. सासूबाईंनी एवढंच ऐकलं आणि त्या पायरीवरच बसून राहिल्या, आत आल्याच नाहीत.

परतताना तळ्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं. म्हणजे पाडलं. नावाड्याने शांतपणे सिगारेट पेटवली. गाइडने फोनवर आकडे मांडले: सात लाख जायचे, सात यायचे, तीन गाइडचे. सात दिलेत, दहा बाकी.

धमकी नाही, आवाज चढवणं नाही. नुसतं थांबणं. दुपारचा वारा सुटला होता, नाव आडवी होऊन डुलत होती, मासे पाळायचे तरंगते पिंजरे हळूहळू जवळ येत होते. नवरा आधी इंग्रजीत भांडला, मग मराठीत. भांडण मराठीवर आलं की समजावं, आपण हरलो. नणंदेने पर्स उघडली. आठ लाखांवर तोडलं आणि पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं.

पोलिसांत गेलो नाही. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचं विमान होतं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती.

तुम्ही जाणारच असाल तर रस्त्यात गाठणाऱ्याशी बोलू नका. धक्क्यावर आकडा फोनवर सगळ्या शून्यांसकट लिहा, खाली ‘पुलांग-पर्गी’ म्हणजे जाऊन-येऊन असं लिहा, नावाड्याला दाखवा आणि त्याच्यासकट फोटो काढा. ‘पर ओरांग’ हे शब्द कानावर आले तर तो माणशी भाव सांगतोय. गाइड नको असेल तर तो नावेत चढायच्या आधी सांगा. चढला की तो तुमचाच. सगळे पैसे आगाऊ देऊ नका, निम्मे परत धक्क्याला लागल्यावर द्या. सुट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, नणंदेसारखी सगळी पर्स उघडून दाखवू नका. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर मी तरी म्हणेन, नकोच. त्याच बांगली जिल्ह्यात पेंगलिपुरान हे जुन्या वळणाचं गाव आहे, दारावर तिकीट आणि आत पायी फिरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो, कोणी अडवलं नाही.

चीड त्या टोळक्याची येते, गावाची नाही. आमचे आठ लाख गावात पोचले असतील असं मला वाटत नाही. त्या रात्री मी बडबडत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “दुसऱ्याच्या घरचं मयत पैसे देऊन बघायला गेलात, आता रडता कशाला?” कोणी काही बोललं नाही.

मुलाने मात्र वहीचा फोटो काढून ठेवला होता. त्याने तो मोठा करून दाखवला. नावं काळ्या, हिरव्या, तांबड्या, वेगवेगळ्या शाईंत होती. प्रत्येक आकड्यातलं शेवटचं शून्य तेवढं एकाच निळ्या पेनाचं होतं. आमच्या १ लाखापुढे ते अजून लागायचं होतं.