नोझल वेगळे मिळत नाही: हीट गनच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात शिडीवर उभा राहून, भिंतीत अर्धवट बसवलेला वायरिंगचा पीव्हीसी पाइप वाकवण्यासाठी तापवत असताना हीट गनचे, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राचे, तोंडावर बसणारे वक्र नोझल चौथ्यांदा निखळले आणि खाली अंथरलेल्या प्लास्टिकला भोक पाडून फरशीवर आपटले. तोपर्यंत या गनविषयी माझे मत बरेच चांगले झाले होते.

ती घेण्यामागे काटकसरच होती. तयार बेंड, म्हणजे वळणाचा आयता तुकडा, लावला की प्रत्येक वळणाला सोल्युशनने चिकटवायचे दोन सांधे वाढतात, वायर ओढताना ती नेमकी तिथेच अडकते, आणि तुळईला वळसा घालताना हवा तो कोन तयार बेंडमध्ये मिळतोच असे नाही. त्याआधी मी 20 आणि 25 मिलिमीटरचे पाइप, ते चेपू नयेत म्हणून आत स्प्रिंग घालून, गुडघ्यावरच वाकवत असे. हवा उबदार असेल तर ते जमते. गार सकाळी मात्र पाइप वळणावर पांढरा पडतो आणि कधी सरळ तडकतो.

पहिल्या महिन्यात पाइप एका अंगाने तपकिरी व्हायचा, दुसऱ्या अंगाने ताठच राहायचा, आणि मी सगळ्यांना गन टाकाऊ असल्याचे सांगत सुटलो होतो. ते शब्द आता मागे घेतो, कारण चूक माझी होती. पीव्हीसी साधारण 80 अंशांपुढे नरम पडू लागते आणि 120 च्या आसपास छान वळते; मी मात्र सहाशे अंशांचा झोत दोन बोटांवरून मारत होतो, त्यामुळे आतपर्यंत ऊब पोहोचण्याआधी वरचा थर करपे आणि घशाला झोंबणारा आम्लाचा धूर निघे. आता स्प्रिंग आधीच आत सरकवून ठेवतो, गन कमी तापमानावर वीतभर अंतरावर धरतो, व्यासाच्या सुमारे दहापट लांबी तापवतो आणि पाइप स्वतःच्या वजनाने झुकू लागला की थांबतो. हव्या त्या कोनापेक्षा किंचित जास्त वाकवून ओले फडके गुंडाळायचे आणि पाइप पूर्ण गार झाल्यावरच, वेटोळी आवळली जातील अशा दिशेने पीळ देत, दोरीने स्प्रिंग ओढायची. घाई केली की आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात.

आता मुख्य तक्रार. या कामात सगळी करामत त्या वक्र नोझलची आहे. ते झोत पाइपच्या मागच्या अंगालाही वळवते, त्यामुळे पाइप सतत फिरवावा लागत नाही. भिंतीत अर्धा बसलेला पाइप तर फिरवताही येत नाही. असे असूनही ते गनच्या तोंडावर केवळ घट्टपणाच्या भरवशावर बसते. तापले की त्याची चिरलेली कड सैल होते आणि गन खाली झुकवली की ते घसरते. साधा स्क्रू किंवा खाच देणे कोणाला सुचले नसावे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

चौथ्या वेळी पडल्यावर ते चेपले, म्हणून सेवा केंद्रात फक्त नोझल मागितले. उत्तर मिळाले की ते वेगळे मिळत नाही, सर्व नोझलांचा संच घ्यावा लागेल. त्या संचातील चपटे तोंड रंग खरवडण्यासाठी असते आणि ते माझ्याकडे पेटीत कोरेच पडून आहे. बरीच वादावादी झाली. मी संच घेतला नाही.

बाकी गनबद्दल बोलण्यासारखे फारसे नाही. बंद करण्यापूर्वी मिनिटभर सर्वांत कमी तापमानावर चालवतो, त्यामुळे आतली तापणारी कॉइल अजून शाबूत आहे; वायर मात्र आखूड आहे.

शेवटी नळीला लावतात ती लोखंडी होज क्लिप नोझलच्या कडेवर आवळली आणि त्यानंतर ते एकदाही पडलेले नाही. चेपलेली कड पकडीने शक्य तितकी सरळ केली आहे, तरीही डावीकडून हवा जास्त निसटते. त्यामुळे जिथे पाइप मोकळा असतो तिथे हातमोजे घालून तो पुन्हा पहिल्यासारखा फिरवत बसतो.