घरच्या पोर्चमध्ये रंगवलेली चेतक: आठ महिन्यांनंतर

बाबांच्या १९९७ च्या चेतक स्कूटरला मी घरीच रंग दिला, त्याला आता आठ महिने झाले. नागपूरचा सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा गाडीनं काढलाय, म्हणून आता लिहिते. त्याआधी मी खिडकीच्या गजांनासुद्धा कधी रंग दिला नव्हता. काम जमलं त्यातलं अर्धं श्रेय मी रंगाच्या दुकानदारांना देते.

बाबा अजनीला रेल्वेत होते. मानेवाड्याहून रोज याच गाडीनं जायचे. पाय ठेवायच्या जागेवर रबरी पट्ट्यांखाली गंज धरला होता, टाकीच्या झाकणाजवळ पोपडे सुटले होते. रंग मात्र निळाच ठेवायचा हे पक्कं होतं. आर.सी.वर रंग लिहिलेला असतो, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि निळी नसलेली चेतक घरात कुणालाच नको होती.

जानेवारीत इतवारीकडच्या दुकानात गेले आणि एक लिटर निळा मागितला. दुकानदारांनी डबा काढलाच नाही. विचारलं, "ताई, आत्ताचा रंग कंपनीचा आहे का बाहेरून मारलेला?" मला माहीत नव्हतं. त्यांनी छोट्या बाटलीत थिनर ओतून दिलं. "घरी जाऊन फडकं भिजवा, एका कोपऱ्यात दोन मिनिटं घासा. फडक्याला रंग आला तर काहीच मारू नका, आधी मला फोन करा."

फडकं निळं झालं. मग बाबांना आठवलं, मधे एकदा रस्त्यावरच्या पेंटरकडून गाडी रंगवून घेतली होती. तो रंग एनसी, म्हणजे नुसता वाळणारा. थिनर लागलं की पुन्हा विरघळतो. त्यावर टू-के रंग, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा, मारला असता तर खालचा थर उचलून सुरकुत्या पडल्या असत्या. टाकीजवळचे पोपडेही त्यामुळेच, पेट्रोल सांडलं की एनसी मऊ पडतो. म्हणजे सगळं पत्र्यापर्यंत घासणं आलं. ८० नंबरच्या सँडपेपरनं सुरुवात करून ३२० पर्यंत यायला मला नऊ संध्याकाळी लागल्या. त्या पहिल्या दिवशी दुकानाला माझ्याकडून एक रुपया मिळाला नव्हता.

निवडही त्यांचीच. वर वेगळा क्लिअर, म्हणजे पारदर्शक चमकदार थर, लागणारा रंग देता आला असता, पण ते म्हणाले, साधा रंग आहे, मेटॅलिक नाही, पहिल्यांदा करून राहिल्या, तर वेगळ्या क्लिअरशिवायच चमक येणारा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, घ्या. ओघळ आला तरी घासून काढता येतो. शेड जुळवायला डिक्कीच्या झाकणाची आतली बाजू नेली, तिथे ऊन पोचलेलं नव्हतं. नमुना पत्र्यावर मारून, वाळवून, दुकानाबाहेर उन्हात धरून पाहिला. ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाही. डब्यावर मार्करनं मोठं लिहून दिलं: ४ भाग रंग, १ हार्डनर, १ थिनर. ते प्रमाण त्या डब्याचं होतं, दुसऱ्या कंपनीला चालेलच असं नाही.

हार्डनर मात्र मास्क दाखवल्याशिवाय दिला नाही. त्यात आयसोसायनेट असतं, श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्या वाफेनंही त्रास होतो. धुळीचा मास्क यात कामाचा नाही, वाफ अडवणारे कार्ट्रिज लागतात. रोज हे काम करणाऱ्यांना बाहेरून ताजी हवा देणारा मास्कच हवा, हेही त्यांनी सांगितलं. आईला दमा आहे, तिला दोन दिवस मामाकडे पाठवलं.

पोर्चला तीन बाजूंनी प्लास्टिक लावलं. हवा फिरावी म्हणून कुलर लावू का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच. कुलरच्या मोटारीतून ठिणगी उडते आणि थिनरची वाफ पेट घेते. चौथी बाजू उघडी ठेवा, जमिनीवर सडा मारा, धूळ खाली बसेल, आणि आतलं देवघर त्या वेळेपुरतं विझवा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आतेभावाच्या कॉम्प्रेसरवर प्रायमर मारला आणि मडगार्डवर डाळीएवढे खड्डे उमटले. रंग त्या ठिकाणाहून मागे सरकत होता, मधे पत्रा दिसत होता. फोटो पाठवला. पाच मिनिटांत उलटा फोन: "गाडीला चमकवायचं पॉलिश कोणतं लावायचे?" बाबा वर्षानुवर्षं सिलिकॉनवालं पॉलिश चोळायचे. पत्र्यावर तोच हात, तेच फडकं फिरलं होतं, आणि सिलिकॉनवर रंग बसत नाही. तेवढा भाग घासून, दोन स्वच्छ फडक्यांनी पुसला. एकानं क्लीनर लावायचा, दुसऱ्यानं तो वाळायच्या आत उचलायचा. खड्डे परत आले नाहीत.

रंगाचे दोन हात नीट बसले. तिसऱ्याला डिक्कीवर स्प्रे गन थांबली आणि ओघळ आला. मी बोटानं पुसायला गेले, तो आणखी पसरला. रात्री आठला फोन केला. "आता हात नका लावू. आठ दिवस विसरून जा. नखाचा ठसा उमटेनासा झाला की मग." आठ दिवसांनी लाकडी ठोकळ्याला १००० चा पेपर गुंडाळून, पाणी लावून ओघळ सपाट केला, मग १५००, मग २०००, मग रबिंग कंपाउंड घासलं. आज ती जागा मला माहीत आहे म्हणून सापडते. बोनेटवर, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणावर, अजून संत्र्याच्या सालीसारखा थोडा खडबडीतपणा दिसतो, तो मी तसाच राहू दिला.

एक चूक दुकानाकडूनही झाली. मार्चच्या मध्यात बोनेट मारायच्या वेळी ऊन वाढलं होतं आणि लवकर उडणारं थिनर आलं होतं. रंग पत्र्यावर पोचायच्या आत कोरडा होऊन खरखरीत बसला. त्यांनी चूक मान्य केली, उन्हाळ्याचं सावकाश वाळणारं थिनर बदलून दिलं आणि वाया गेलेला रंगही भरून दिला. पुढचं काम मी सकाळी सातच्या आत केलं.

आता टिकण्याचं. मे महिन्यात गाडी ऑफिसबाहेर दिवसभर उघड्यावर उभी असायची, पारा ४५ च्या घरात. रंग फिका पडला नाही, हात फिरवला तर पांढरी भुकटी येत नाही. टाकीवर दोनदा पेट्रोल सांडलं, डाग नाही. पुढच्या मडगार्डवर गिट्टी लागून दोन टवके उडाले. आणि ऑगस्टमध्ये रबरी पट्टीच्या स्क्रूच्या छिद्राभोवती गंजाचा ठिपका दिसला. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर द्या, असं त्यांनी सांगितलं होतं. छिद्रांच्या कडांना माझी गन पोचली नव्हती आणि मी ब्रश घेतला नव्हता. त्यांनी डबीत थोडं इपॉक्सी दिलं, पैसे घेतले नाहीत. गंज घासून, ब्रशनं कडा भरून, वर रंग टेकवला. पट्टीखाली येतं, दिसत नाही.

गन, मास्क आणि सगळा माल धरून खर्च साधारण सात हजार आला, कॉम्प्रेसर उसना. वेळ मात्र सहा आठवडे गेला, आणि तो कमी होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

चाकांच्या रिमा अजून बाकी आहेत. मास्कचे कार्ट्रिज मी उघडेच ठेवले होते, तसे ठेवले की ते वापराविनाही संपतात, म्हणून नवीन आणायचे आहेत. दिवाळी झाली की बाबांनी चाकं काढून ठेवायचं कबूल केलंय.