कष्टाची भाकर, मार्केटयार्ड : भाकरीला पाचपैकी पाच, बाकीचं वाचा

मी पुण्याच्या मार्केटयार्डात भुसारच्या एका गाळ्यावर मेहताजी, म्हणजे हिशोब लिहिणारा आहे, १९ वर्षं झाली, त्यामुळे कष्टाची भाकरमध्ये किती वेळा जेवलोय त्याचा हिशोब नाही. रिव्ह्यू कधी लिहिला नव्हता, रोज ज्या नळाचं पाणी पितो त्याचा कोण रिव्ह्यू लिहितं. पण मागच्या आठवड्यात भाच्याला घेऊन गेलो आणि तिथं जे बोलणं झालं ते डोक्यातून जाईना, म्हणून जेवणाचं पण सांगतो आणि ते पण सांगतो.

आधी जेवण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे जेवणाचं ठिकाण हमाल पंचायतीचं, म्हणजे हमालांच्या संघटनेचं आहे, बाबा आढावांनी १९७४ ला सुरू केलेलं, ना नफा ना तोटा. पुण्यात त्यांची अजून पण ठिकाणं आहेत, मी आमच्या यार्डातलं सांगतोय. बायका भाकऱ्या थापतात, ताटात येते तेव्हा मधे वाफ असते, बोट घातलं की चटका. सोबत पिठलं. आम्ही गेलो त्या दिवशी पिठल्यात लसूण सढळ हातानं होता आणि वर तिखट तेल, भाच्यानं चार भाकऱ्या हाणल्या, पाचवीला माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं घे की लेका लाजतो काय. आमटी पातळ असते पण ती भातावर ओतायलाच असते, पनीर-बिनीर शोधायला जाऊ नका. एसी नाही, म्युझिक नाही, समोर बसलेला माणूस अनोळखी असणार आणि त्याच्या खांद्यावर पोत्याचा भुसा असणार. बिल बघून बाहेरच्या हॉटेलवाल्यांचा राग येतो एवढंच म्हणतो.

आता भाचा. उदगीरचा, आयटीआय फिटर. चार वर्षांत चाकण आणि रांजणगाव मिळून पाच कंपन्या झाल्या, म्हणजे गेट पाच, पण कंपनीच्या पेरोलवर एकदापण नाही, कायम कुठल्यातरी ठेकेदाराच्या नावावर. सातवा महिना लागला की ब्रेक. वर्षात २४० दिवस भरले की कायद्यानं सलग नोकरी धरतात, म्हणून त्याच्या आधीच गेटपास काढून घ्यायचा, दोन महिने घरी बसवायचं, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावानं, कधीकधी तर त्याच लाईनवर पुन्हा बोलवायचं. मशीन तेच, सुपरवायझर तोच, फक्त कार्डावरचं नाव बदलतं. ब्रेकमधे पोरगं बाईकवर डिलिव्हरी करतं, तिथं पण एकदा आयडी ब्लॉक झाला, का झाला ते सांगायला माणूसच नाही, ॲपमधे चॅट करा म्हणे. चाकणजवळ खराबवाडीत सहाजण एका रूममधे राहतात, तिघं डे आणि तिघं नाईट, म्हणजे गाद्या तीनच. ताई फोनवर लग्नाचं काढते आणि पुढचा माणूस पहिलाच प्रश्न विचारतो, परमनंट आहे का. परवा नवव्यांदा नाही म्हणाले.

तर भाचा जेवता जेवता म्हणाला, मामा हे हल्लीच वाढलंय ना हो, तुमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या समोर एक तात्या बसले होते, रिटायर हमाल, ७० च्या वर असतील, ते भाकरी मोडता मोडता हसायला लागले. म्हणाले, बाळा आमच्या टायमाला काय होतं रे. सकाळी गाळ्यापुढं उभं राहायचं, शेठनं बोट केलं तर काम, नाही केलं तर घरी. १०० किलोचं पोतं. कंबर मोडली की दुसरा उभाच असायचा.

बरोबर आहे की तात्यांचं. कच्चं काम हे काही नवीन आलेलं नाही, आपल्याकडे बहुतेकांना पक्कं काम कधी बघायलाच मिळालं नाही. त्या रात्री मी मोबाईलवर सरकारी आकडे काढून बसलो, आकड्यांची खोड जात नाही. देशात महिन्याच्या पगारावर असलेली माणसं साधारण पाचात एक, बाकी स्वतःचं काहीतरी करणारी नाहीतर रोजंदारीची. मग म्हणजे वाढलं नाही का? तर कारखान्यांची जी वार्षिक सरकारी पाहणी असते त्यात २००० च्या सुमाराला शंभर कामगारांत ठेक्यावरचे साधारण २० होते, २०२२-२३ ला ४० च्या वर गेले. जी जागा पक्की म्हणून आपल्या आईबापांनी आयटीआयला फी भरली तीच कच्ची झाली, हे नवीन आहे. आणि ॲपवाली पोरं वेगळीच, नीती आयोगाच्या रिपोर्टात २०२०-२१ ला ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे.

पण मला खरी गोष्ट वेगळी वाटते आणि ती मला कळते कारण मी दर महिन्याला लेव्हीचं, म्हणजे हमालीवर व्यापाऱ्यानं भरायच्या जादा रकमेचं चलन भरतो. हमाल आजपण कुठल्या एका शेठचा नोकर नाही. हमालांची टोळी आज आमच्या गाळ्यावर, उद्या शेजारच्या. काम तसं बघितलं तर तितकंच कच्चं, माल आला तर हमाली, नाही आला तर नाही. पण १९६९ ला माथाडी कायदा झाला आणि त्यात डोकं असं लावलं की मालक किती का असेनात, हमालाचं नाव माथाडी मंडळाच्या रजिस्टरला. आम्ही व्यापारी मजुरी आणि वर लेव्हीचे ठराविक टक्के मंडळात भरतो, मंडळ त्यातून पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी बघतं. गाळा बदलला तरी माणसाचं खातं तेच राहतं. भाच्याचा पीएफचा यूएएन नंबर म्हणायला एकच आहे पण प्रत्येक ठेकेदारानं नवीन खातं उघडलंय, एकानं नावात स्पेलिंग चुकवलं, आता त्याचे पैसे ट्रान्सफर होत नाहीत आणि तो ठेकेदार फोन उचलत नाही. दोघांचं काम तात्पुरतंच. एकाच्या मागे रजिस्टर आहे, दुसऱ्याच्या मागे व्हॉट्सॲप ग्रुप.

माथाडीच्या नावाखाली एमआयडीसीत खंडणी गोळा करणारे पण आहेत, ते मी नाकारत नाही, पेपरात येतंच आणि त्यांनी चांगल्या कायद्याची लाज घालवलीय. आमचे शेठ पण लेव्हीच्या दिवशी कुरकुर करतात. पण कुरकुर करत का होईना भरतात ना.

भाचा म्हणाला नवीन कायदा आलाय ना मामा, एक वर्षावर पण ग्रॅच्युइटी. हो आलाय, नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले, ठराविक मुदतीच्या नोकरीला एक वर्षात ग्रॅच्युइटी आहे, ॲप कंपन्यांनी त्यांच्या पोरांच्या सुरक्षेसाठी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे असंपण आहे. मी म्हटलं छान आहे, पण तुझं वर्ष भरू कोण देतंय. तो गप्प बसला. मला वाईट वाटलं, खाताना असं बोलायला नको होतं.

मग तात्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं आणि त्याला दाखवलं, बघ म्हणाले एवढ्यासाठी आम्ही मोर्चे काढले बाबांबरोबर, १०० किलोचं पोतं ५० वर आणलं. बाबा गेले डिसेंबर २०२५ ला. त्यांचं नाव निघालं की तात्यांचा आवाज बदलतो, मग त्यांनी पाणी प्यायलं आणि मला विचारलं, मेहताजी तुमचं पासबुक कुठंय?

आता काय सांगू. मी १९ वर्षं त्या टोळीची हमाली पट्टी लिहितोय, लेव्ही भरतोय, आणि माझ्याकडे अपॉइंटमेंट लेटर नाही. पगार व्हाउचरवर सही करून. पीएफचा कायदा २० माणसांपासून लागतो, आमच्या पेढीवर आम्ही सहा. त्या सरकारी आकड्यांतच होतं की महिन्याच्या पगारावाल्यांपैकी पण निम्म्याहून जास्त जणांकडे लेखी करार नाही, ते वाचताना मी बाकीच्यांचाच विचार करत होतो. हमाल आपल्यापेक्षा कच्चा असं मी इतकी वर्षं समजत होतो, शर्ट इस्त्रीचा आहे ना. मी म्हटलं तात्या आमचं सगळं शेठच्या शब्दावर. तात्या काही बोलले नाहीत, माझ्या ताटात अर्धी भाकरी ठेवली त्यांनी.

असो, रिव्ह्यू चाललाय. भाच्यानं रूमवरच्या पोरांसाठी दहा भाकऱ्या आणि ठेचा बांधून घेतला, चाकणला पोचेपर्यंत गार होणार पण नाईटवाल्यांना चालतं म्हणाला. जेवणाला पाच स्टार, गर्दी असते म्हणून एक काढणार होतो पण नको, ती गर्दी आमचीच आहे. सुट्टे पैसे घेऊन जा, आणि भाकरी पहिल्या घासाला जपून, खरंच चटका बसतो.